नाव जुळत नाही

प्रोग्रॅमरच्या मुलाखतीत एक प्रश्न हमखास येतो. दिलेला शब्द उलटा करून दाखवा. दोन ओळींचं काम आहे. मी ते कॉलेजात असताना पहिल्यांदा केलं, आणि सगळ्यांसारखंच इंग्रजी 'हेलो' उलटं करून खूश झालो. खूप नंतर, सुट्टीत दारव्ह्याकडच्या आमच्या गावी गेलो होतो. लाइट गेलेली, लॅपटॉपची बॅटरी चाळीस टक्क्यांवर. उगाच चाळा म्हणून त्याच प्रोग्रॅममध्ये आपल्या जिल्ह्याचं नाव टाकलं. 'यवतमाळ'.

बाहेर आलं 'ळामतवय'.

नीट बघा. माणसाला हा शब्द उलटा म्हणायला सांगितला तर तो 'ळमातवय' म्हणेल. 'मा' हे त्याच्यासाठी एकच अक्षर आहे. कॉम्प्युटरसाठी नाही. त्याच्याकडे अक्षरं नसतात, नंबर दिलेले तुकडे असतात. य, व, त, म, मग वेगळा काना, मग ळ. डोळ्यांना पाच, त्याला सहा. तुकडे उलटे लावले की काना 'म'ला सोडून 'ळ'ला जाऊन चिकटतो. गावाचा काना दुसऱ्याच्या घरी.

अंधारात एकटाच हसलो. तेव्हापासून ही सवय लागली. कोडमध्ये मराठी टाकायचं आणि काय मोडतं ते बघायचं. यातून पैसे मिळत नाहीत. निदान मिळावेत म्हणून मी ते करत नव्हतो.

तुम्हीही करून बघा. फोनवर 'क्ष' टाइप करा आणि बॅकस्पेस एकदाच दाबा. बहुतेक कीबोर्डांवर अख्खा क्ष जात नाही. ष जातो, आणि पाय मोडलेला क् तसाच उभा राहतो. अजून एकदा दाबलं की हलन्त जातो आणि क पुन्हा धडधाकट होतो. शाळेत क्ष हे एक अक्षर म्हणून शिकलो, फोनच्या लेखी ते तीन तुकड्यांचं जोडकाम आहे.

दुसरा शोध गणपतीतला. मंडळाच्या वर्गणीची यादी मी आडनावांप्रमाणे लावून दिली. शेजारच्या निवृत्त गुरुजींनी चष्मा लावून वाचली आणि विचारलं, "काळे कावऱ्यांच्या आधी कसे आले?" मी म्हटलं, कॉम्प्युटरनं लावलंय गुरुजी. ते म्हणाले, "मग त्याला बाराखडी शिकव." त्यांचं बरोबर होतं. आपल्या वर्णमालेत ळ हा ह नंतर येतो. युनिकोडच्या तक्त्यात मात्र ल चा नंबर ०९३२, ळ चा ०९३३ आणि व चा ०९३५. नुसत्या नंबरांवर यादी लावली की ळ चोरपावलांनी व च्या पुढे येऊन बसतो. मराठीच्या क्रमाचे वेगळे नियम वापरता येतात, पण ते आहेत हे आधी माहीत असावं लागतं. मला गुरुजींनी सांगितलं तेव्हा कळलं.

तिसरा शोध एसएमएसचा. बाबांना दुकानदारांचे, योजनांचे मेसेज यायचे ते बरेचदा मराठी भाषेत पण इंग्रजी अक्षरांत. 'शेतकरी बंधूंनो' हे एस-एच-ई करत वाचताना बाबा वैतागायचे. मला वाटायचं, हा निव्वळ आळस. थोडा आळस असेलही. पण त्यात हिशोबही आहे. एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात. साधी इंग्रजी अक्षरं सात-सात बिटांची, म्हणून ती १६० बसतात. देवनागरी आलं की प्रत्येक तुकड्याला दोन बाइट लागतात, म्हणजे ७०. आणि १६० मधलं एकच अक्षर देवनागरी केलं तरी अख्खा मेसेज ७० च्या हिशोबात जातो. त्यात 'कापूस' म्हणजे तीन नाही, पाच जागा. काना आणि ऊकार वेगळे मोजले जातात. मराठीत लिहायचं तर दोन-तीन मेसेजचे पैसे लागतात. हजारो लोकांना पाठवणारा माणूस काय करेल ते सांगायला नको.

असे माझे शोध. चहासोबत सांगण्यासारखे. मित्रांच्या ग्रुपवर टाकले की चार हसणारे चेहरे येतात आणि विषय संपतो. मागच्या एका हिवाळ्यापर्यंत मी त्यांना तेवढंच समजत होतो.

*

त्या वर्षी बाबांनी चौदा क्विंटल कापूस एका ठिकाणी दिला. कुठे ते महत्त्वाचं नाही. नोंदणी झाली, माप झालं, पावती मिळाली. चुकारा थेट खात्यात येणार होता. गावातल्या बाकीच्यांचा आला. बाबांचा नाही. आठवडा गेला, दोन गेले. चौकशी केली तर उत्तर मिळालं, "काका, तुमचं नाव जुळत नाही."

बाबांनी पासबुक काढलं, नोंदणीची पावती काढली, दोन्ही टेबलावर शेजारी ठेवली. दोन्हीवर तेच नाव. तीच अक्षरं, तोच क्रम. टेबलामागच्या मुलानंही वाचून बघितलं. त्यालाही तेच दिसलं. पण स्क्रीनवर त्यांच्या नावापुढे लाल रंगात शेरा होता, आणि शेऱ्यापुढे त्याचं काही चालत नव्हतं. त्यानं सुचवलं, दोन्ही नावं तुमचीच आहेत असं प्रतिज्ञापत्र करून आणा.

हे बाबांनी मला फोनवर सांगितलं नाही. आईनं सांगितलं. बाबा तालुक्याला गेले, स्टॅम्पपेपर घेतला, टायपिंगवाल्यासमोर बसले. त्यानं सवयीनं विचारलं, "दोन नावं सांगा." बाबांनी नाव सांगितलं. तो म्हणाला, "हं, आता दुसरं." बाबांनी तेच पुन्हा सांगितलं. तो म्हणाला, "काका, हे तेच झालं." बाबा म्हणाले, "तेच तं हाय."

शेवटी तसंच टाइप झालं. अमुक आणि अमुक ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत. दोन्ही ठिकाणी एकच नाव. सही, शिक्का. बाबांनी तो कागद नेऊन दिला. कागद फाइलला लागला, आणि लाल शेरा होता तिथेच राहिला. मशीन कुठे फाइल वाचतं?

संक्रांतीला मी पुण्याहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं निघालो आणि सकाळी घरी पोचलो. बाबा अंगणात बसले होते. कापसाबद्दल काही बोलले नाहीत. चहा झाल्यावर तो कागद माझ्यासमोर ठेवला. म्हणाले, "तू कम्प्यूटरचं शिकला ना बाबू, मंग सांग. नाव तं एकच हाय. अडलं कुठी?"

*

दुसऱ्या दिवशी त्यांच्यासोबत गेलो. टेबलामागचा मुलगा माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी लहान. दिवसभर लोकांचं ऐकून घेऊन थकलेला. मी म्हटलं, यादी नको, फक्त बाबांचं नाव दोन्हीकडून कॉपी करून दे. त्यानं दिलं. मी लॅपटॉप उघडून पायथॉनमध्ये दोन्ही समोरासमोर ठेवली आणि विचारलं, सारखी आहेत का?

फॉल्स.

मग लांबी विचारली. एकाची लांबी दुसऱ्यापेक्षा एकनं जास्त. दिसायला अगदी तेच, पण एकात कुणीतरी न दिसणारं बसलेलं.

आमच्या आडनावात 'ऱ्ह' आहे. आडनाव इथे सांगत नाही, पण तुम्हाला माहीत असलेला शब्द घेऊन तेच दाखवतो. वऱ्हाड. आमचा सगळा मुलूखच त्या नावाचा आहे.

त्यातला आडव्या पापणीसारखा अर्धा र हे मराठीचं खास लेणं. नेपाळीत आणि कोंकणीत आहे, हिंदीत नाही. आणि तो नुसती नक्षी नाही. 'दर्या' म्हणजे समुद्र, 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या. त्या एका पापणीवर अर्थ बदलतो.

हा र कॉम्प्युटरला सांगायच्या दोन रीती युनिकोडच्या नियमांतच आहेत. पहिली मुख्य. त्यासाठी ऱ असं वेगळं अक्षर आहे, नंबर ०९३१. ते घ्या, हलन्त द्या, पुढे ह. असं लिहिलं की वऱ्हाडचे तुकडे होतात सहा. दुसरी रीत १९९६ च्या जुन्या दोन नंबरच्या आवृत्तीशी जुळतं राहावं म्हणून ठेवलेली. साधा र घ्या, हलन्त द्या, आणि त्यानंतर एक अदृश्य खूण टाका. मग तुकडे सात. त्या खुणेचं नाव झिरो विड्थ जॉइनर. शून्य रुंदीचा सांधा. तिला आकार नाही, जागा नाही, छपाईत ती उमटत नाही. ती फक्त सांगते की या दोघांना अमुक पद्धतीनं जोड. कोणत्या कीबोर्डवरून, कोणत्या सॉफ्टवेअरमधून टाइप केलं त्यावर ती येते किंवा येत नाही. टाइप करणाऱ्याला कळतही नाही.

तिसरा प्रकारही निघतो. साधा र, त्याखाली नुक्त्याचं टिंब, मग हलन्त. तेही बहुतेक ठिकाणी तसंच दिसतं. म्हणजे वऱ्हाड एकच, आणि आत ते तीन. तिन्हींची प्रिंट काढून शेजारी ठेवा, जन्मभर बघत बसा, फरक सापडणार नाही.

मी त्या मुलाला हे समजावत होतो आणि बाबा ऐकत होते. न दिसणाऱ्या खुणेपाशी आल्यावर त्यांनी थांबवलं. "म्हणजे माह्या नावात कोणीतरी लपून बसलं हाय?"

"हो."

"अन् त्याच्यापायी पैसे अडले."

"हो."

"मंग त्याले उठवा ना."

हीच खूण तुम्ही रोज पाठवता, बरं का. आई, बाबा आणि मुलगी असं कुटुंबाचं जे एक चित्र असतं, ते मुळात तीन चेहरे आहेत आणि मधे ही खूण. तिनं धरून ठेवलंय म्हणून ते एक चित्र दिसतं. आपल्यासारख्या लिप्यांसाठी ती आधीपासून होती, इमोजीवाल्यांनी नंतर उचलली. माणसं जोडून दाखवणारी खूण इथे एका माणसाला त्याच्याच नावापासून तोडत होती. तिचा दोष नाही. ती सांगितलेलं काम करत होती. दोष होता तो दोन नावं समोर ठेवून "सारखी आहेत का?" एवढंच विचारणाऱ्या ओळीचा. आणि ती ओळ लिहिणाऱ्याचा.

*

इथपर्यंत मी जरा फुशारकीतच होतो. बाप अडला, शिकलेला मुलगा आला, दहा मिनिटांत चूक सापडली. टेबलाभोवती दोन-चार लोक जमले होते. मग तो मुलगा स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "आम्हाला वरून सांगितलं होतं की ज्यांची नावं जुळत नाहीत त्यांचा डेटाच खराब आहे."

हे वाक्य माझं होतं.

म्हणजे शब्दशः मीच ते म्हणालो होतो, पुण्यात, माझ्या पहिल्या नोकरीत. दोन मोठ्या याद्या होत्या, माणसांच्या. एका यादीतलं नाव दुसऱ्या यादीत शोधायचं. सापडलं तर पुढे, नाही तर बाजूला. काम कशाचं होतं, कुणासाठी होतं, हे तेव्हाही मला अर्धवटच माहीत होतं. मी ती ओळ लिहिली. सारखी असतील तर. नसतील तर. पहिल्यांदा चालवलं तेव्हा बरीच नावं बाजूला पडली. आमच्या साहेबांनी विचारलं, ही एवढी का? मी फाइल वर-खाली केली, डोळ्यांना काही वावगं दिसलं नाही, तरी म्हणालो, "डेटा खराब आहे, सर." त्यांनी मान डोलावली. आमच्या धंद्यात हे उत्तर चालतं. डेटा खराब असतोच. कोड चांगला असतो, कारण तो आपण लिहिलेला असतो.

त्या बाजूला पडलेल्या यादीचं पुढे काय झालं हे मी कधी विचारलं नाही. तीही कुणाची तरी नावं होती. कदाचित त्यांनाही कुणी स्टॅम्पपेपर आणायला सांगितलं असेल. एकच नाव दोनदा टाइप करून घेऊन ती माणसं कुठल्या तरी टेबलासमोर उभी राहिली असतील. मराठी याद्या होत्या, म्हणजे त्यात गोऱ्हे असतील, कऱ्हाडे असतील, वऱ्हाडे असतील. आणि ती ओळ लिहिणारा स्वतः वऱ्हाडातला, आडनावात ऱ्ह असलेला. त्यानं स्वतःचं नाव जरी तपासून बघितलं असतं तरी त्याला कळलं असतं.

परतताना एसटीत बाबा खिडकीशी होते. मी त्यांना हे सांगितलं. वाटलं होतं रागावतील, नाहीतर समजूत काढतील. ते थोडा वेळ बाहेर बघत राहिले. मग विचारलं, "आता थे लोकं सापडतीन का?"

मी जुन्या सहकाऱ्याला मेसेज केला. संध्याकाळी उत्तर आलं. ते काम कधीच बंद झालं, सर्व्हरही राहिले नाहीत, तू कशाला आठवतोयस? पुढे हसणारा चेहरा.

*

दुरुस्ती अवघड नसते, हे आणखी लागतं. युनिकोडमध्ये नॉर्मलायझेशन नावाची सोय आहे. दिसायला सारखे पण आत वेगळे असलेले तुकडे ती एका रूपात आणते. नुक्त्याचं टिंब लावलेला र आणि ऱ तिच्या लेखी एकच. पण तिच्यावर सगळं सोडून चालत नाही. न दिसणाऱ्या सांध्याचं रूप ती तसंच ठेवते. ॲ चंही तसंच. 'ॲड' किंवा 'ॲप' मधल्या ॲ ला स्वतःचा नंबर मिळाला २००८ मध्ये, ०९७२. त्याआधी सगळे अ वर चंद्र देऊन काम भागवत, आणि अजूनही पुष्कळ जण भागवतात. दोन्ही सारखेच दिसतात, नॉर्मलायझेशन मात्र त्यांना एक मानत नाही. म्हणून आधी ती सोय वापरायची, आणि उरलेलं आपल्या हातानं लिहायचं. र, हलन्त आणि सांधा दिसला की ऱ् कर. अ वर चंद्र दिसला की ॲ कर. वीसेक ओळी. नावात शेवटी राहिलेली मोकळी जागाही काढून टाकायची, ती तर मराठीचीही भानगड नाही.

याला नवा शोध म्हणता येत नाही. आपल्या लिप्या कॉम्प्युटरवर कशा लिहायच्या यावर या देशात चाळीस वर्षांपूर्वीपासून काम झालंय. पुण्यात १९८८ साली सीडॅक उभी राहिली. त्या काळातल्या इस्की या भारतीय मानकावरूनच १९९१ च्या युनिकोडमधला देवनागरीचा तक्ता बेतला गेला. ०९३१ नंबरचा ऱ त्या तक्त्यात आहे. त्याच्या अर्ध्या रूपात आपली पापणी बसते. त्यांनी अक्षर दिलं, नियम लिहून ठेवले. पुढचं काम माझ्यासारख्यांचं होतं, आणि आम्ही नियम वाचले नाहीत.

त्या वीस ओळी मी टेबलामागच्या मुलाला पाठवल्या. त्याच्या वरच्यांनी चार दिवस घेतले, मग चालवून बघितल्या. बाबांचं नाव सुटलं. बाबांशिवाय अजून अकरा नावं सुटली. त्या अकरांपैकी एकानंही तक्रार केली नव्हती, असं तो मुलगा म्हणाला. नाव जुळत नाही म्हटल्यावर लोकांना वाटतं आपलंच काही चुकलं असेल. बाबांनाही आधी तसंच वाटलं होतं. आपण सही नीट केली नसेल म्हणून ते घरी वहीच्या मागच्या पानावर स्वतःचं नाव लिहून बघत होते. हेही आईनंच सांगितलं.

आमच्या जिल्ह्याच्या नावाचं गंमतीशीर आहे. इंग्रज त्याचं स्पेलिंग असं करत की वाचणाऱ्यानं 'येओटमाल' म्हणावं. पोस्टानं, रेल्वेनं, कचेऱ्यांनी कित्येक वर्षं ते चालवलं. पुढे स्पेलिंग बदललं. जिल्ह्याला मात्र दोन्ही नावं माझीच आहेत असं कुणी लिहून मागितलं नाही. सगळ्यांना माहीत होतं की गाव तेच.

आता मी याद्या जुळवायचं काम आलं की एक गोष्ट जास्तीची करतो. जी नावं जुळत नाहीत, ती बाजूला टाकून फाइल बंद करत नाही. शेजारी-शेजारी ठेवतो आणि मोठ्यानं वाचतो. एक डावीकडचं, एक उजवीकडचं. दोन्ही वाचताना तोंडातून एकच नाव निघालं, तर माणूस एक आहे आणि चूक माझी आहे. ऑफिसात हसतात. परवा नव्या मुलीनं विचारलं, हे काय करतोयस? मी तिला तो स्टॅम्पपेपर दाखवला. फोटो काढून ठेवलाय फोनमध्ये. तिनं दोनदा वाचला आणि म्हणाली, "पण ही दोन्ही नावं तर सेमच आहेत."

म्हटलं, हो ना.